रस्ता उघडण्यापूर्वी : मे महिन्यातील एक्झिट हिमनदी

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर सेवर्ड नावाचे एक लहानसे बंदर आहे. तेथून एक्झिट हिमनदीकडे जाणारा फाटा सुमारे साडेतेरा किलोमीटर लांबीचा असून, केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानाच्या अवाढव्य पसाऱ्यात मोटारीने पोहोचता येईल असा तेवढा एकच भाग आहे. बाकीचे उद्यान पाहायचे तर बोट, छोटे विमान किंवा स्वतःचे पाय यांचाच आधार घ्यावा लागतो. हा रस्ता हिवाळाभर मोटारींसाठी बंद असतो आणि बहुतेक वर्षी मे महिन्यात उघडतो. नेमकी तारीख मात्र आधी कोणीच सांगू शकत नाही, कारण त्या वर्षी हिम किती पडले, किती लवकर वितळले आणि साफसफाईची यंत्रे कुठवर पोहोचली यांवरच ती ठरते.

आम्ही गेलो ते मे महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे हिवाळ्याचे खेळ संपलेले आणि उन्हाळ्याचे पर्यटन सुरू न झालेले अशा मधल्या दिवसांत. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त अँकरेजला राहतो आणि ही वेळ त्यानेच सुचवली होती. त्याचे म्हणणे असे होते की, उन्हाळ्यात तिथे वाहनतळापासून तासाभरात सगळे ‘बघून’ होते आणि नेमके त्यामुळेच फारसे काही दिसत नाही. मला हे सुरुवातीला पटले नव्हते. एवढ्या लांब जायचे आणि फाटकाशी अडून बसायचे, यात कसला फायदा, असे मी त्याला स्पष्टच विचारले. त्यावर तो म्हणाला, “ताई, फाटक गाड्यांसाठी बंद असतं, माणसांसाठी नाही. सायकलने जाऊ आणि जिथे हिम लागेल तिथून चालू.”

या दिवसांत जायचे म्हणजे आधी चौकशी बरीच करावी लागते. उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती दिलेली असते, पण ती रस्त्याची असते, पायवाटेची नसते. रस्त्याच्या शेवटी असलेले निसर्ग केंद्र तेव्हा उघडलेले नसते, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर रेंजर भेटेल, नकाशा मिळेल किंवा निदान आडोशाला बसता येईल ही आशा धरता येत नाही. फोनला रेंज मिळण्याचीही खात्री नसते. म्हणून आम्ही सेवर्डमध्ये आदल्या दिवशी जे जे भेटले त्यांना विचारले, आणि सगळ्यात उपयोगी माहिती दिली ती रोज संध्याकाळी त्याच रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या एका बाईंनी. वाटेतल्या नदीवरच्या पुलापर्यंत डांबर मोकळे आहे, पुलापुढे तुकड्या-तुकड्यांनी हिम आहे आणि पायवाट अजून पूर्ण झाकलेली आहे, असे त्यांनी सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सकाळी लवकर निघा आणि दुपारी दोनच्या आत पायवाटेवरून परत फिरा, असेही त्यांनी बजावले. त्यामागचे कारण आम्हाला दुसऱ्या दिवशी पायांनीच कळले.

सामानाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण या दिवसांतला गारठा फसवा असतो. तापमान शून्याच्या जरा वर, अधूनमधून पाऊस आणि पावसातच मिसळलेले ओले हिम असे हवामान कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षा अधिक त्रास देते, कारण शून्याखाली दहा अंशांत माणूस कोरडा तरी राहतो. सुती कपडा अंगावर एकही नको. बुटांना खाली बांधायचे लोखंडी काटे, पाठीला अडकवलेले स्नोशूज, दोन काठ्या, गडद काचांचा चष्मा, पायमोज्यांचे दोन जादा जोड आणि अस्वल अंगावर आले तर फवारायचा, हाताशी राहील असा बेअर स्प्रे, एवढे आम्ही घेतले होते. शेवटची वस्तू शोभेसाठी नव्हती. अस्वले एप्रिल-मेमध्ये हिवाळी झोपेतून बाहेर येतात आणि दरीच्या तळाशी जिथे पहिले हिरवे उगवते तिथेच ती चरायला उतरतात. माणसांचा रस्ताही तिथूनच जातो.

फाटकापाशी आम्ही सकाळी सहाच्या सुमारास पोहोचलो तेव्हा लख्ख उजाडलेले होते. साठ अंश उत्तर अक्षांशावर मेच्या सुरुवातीलाच दिवस सोळा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे उजेडाची चिंता या दिवसांत नसते. चिंता असते ती उजेडाबरोबर वाढत जाणाऱ्या उष्णतेची. रस्ता रेझरेक्शन नदीच्या काठाने चढतो. चढ इतका सौम्य आहे की तो जाणवत नाही, पण सायकलवर मागच्या बाजूने ओझे असले की मांड्यांना बरोबर कळतो.

यंत्राने रस्ता कापून काढलेला असल्यामुळे काही ठिकाणी दोन्ही बाजूंना छातीभर उंचीच्या हिमाच्या भिंती उभ्या होत्या. त्यातल्या एका भिंतीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण तिच्या कापलेल्या अंगावर सबंध हिवाळा उघडा पडला होता. सर्वांत वर पंधरा-वीस सेंटिमीटर दाणेदार, खडीसाखरेसारखे खरखरीत हिम होते. त्याखाली काचेसारखा एक पातळ, कडक पापुद्रा होता, म्हणजे मध्येच कधीतरी पाऊस पडून वरचा थर भिजला आणि पुन्हा गोठला असणार. त्याखाली पुन्हा दाट पांढरे हिम, मग आणखी एक पापुद्रा, आणि अगदी तळाशी बोट रोवले तर रोवले जाणार नाही असा राखाडी थर. चिमटीत घेतलेला दाणा गोल आणि पाणीदार होता. ताज्या हिमकणांचे टोकदार कोपरे वितळून, पुन्हा गोठून आणि वरच्या वजनाने दाबले जाऊन असे दाणे बनतात. डोंगरावर हेच हिम उन्हाळा ओलांडून टिकले की पुढच्या वर्षांच्या थरांखाली दबत जाते, दाण्यांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात, हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडली जाते आणि अखेर त्याचा हिमनदीचा बर्फ होतो. रस्त्याकडेची ही भिंत काही आठवड्यांत पाणी होऊन नदीला मिळणार होती. हिमनदी बनण्याची पहिली पायरी तेवढी तिने चढलेली होती. उन्हाळ्यात मोटारीने येणाऱ्याला हा पाठ मिळत नाही, आणि मावसभावाच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला पहिल्यांदा पटले ते इथे.

त्यापुढे एका वळणावर मूस जातीचे भलेमोठे हरीण रस्त्याच्या मधोमध उभे होते. विलोच्या फांद्यांना नुकते कोंब फुटत होते आणि ते खाण्यासाठी ते उतरले असावे. या प्राण्याला लोक अस्वलापेक्षा कमी भितात, हे बरोबर नाही. वसंतात ते हिवाळ्याने खंगलेले आणि चिडके असते आणि कान मागे पाडले की अंगावर येऊ शकते. आम्ही सायकली आडव्या धरून, भरपूर अंतर राखून उभे राहिलो. त्याला मुळीच घाई नव्हती. अर्ध्या तासाने ते हिमाची भिंत सहज ओलांडून झाडीत गेले आणि पहाटे लवकर निघून मिळवलेल्या वेळातला बराचसा वेळ त्याच्या खात्यावर गेला.

रेझरेक्शन नदीवरचा पूल ओलांडल्यावर हिमाचे पट्टे सुरू झाले, तेव्हा सायकली एका झाडाला कुलूप लावून ठेवल्या आणि आम्ही पायी निघालो. या भेटीतला खरा भाग इथून सुरू होतो. उद्यानाने रस्त्याकडेला आणि पुढे पायवाटेवर लहान तपकिरी पाट्या रोवलेल्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर फक्त एक साल आहे. त्या साली हिमनदीचे टोक त्या जागी होते, एवढाच त्यांचा अर्थ. पहिली पाटी १८१५ सालची आहे. लघु हिमयुग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थंड शतकांच्या अखेरीस हिमनदी इथवर पसरलेली होती आणि त्यानंतर ती मागे हटत गेली. त्या काळात तिथे मोजमाप करणारा कोणी नव्हता, मग ही साले ठरवली कशी, हा प्रश्न साहजिकच पडतो. मागे हटताना हिमनदी जिथे जिथे काही काळ थबकली तिथे तिने आणलेल्या दगडमातीचा आडवा बांध साचला; त्याला हिमोढ म्हणतात. त्या हिमोढांवर पुढे जी झाडे उगवली त्यांच्या खोडांतील वार्षिक वलये मोजून अभ्यासकांनी जुन्या काळाची साले काढली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून विमानातून घेतलेल्या छायाचित्रांची जोड मिळाली.

मोटारीतून जाताना १८१५ आणि १८९९ या पाट्यांमधले अंतर काही क्षणांत सरते. हिमातून, दर पावलाला बुटाखाली करकर आवाज करत चालताना मात्र ते अंतर अंगात भिनते. मला सर्वांत लक्षणीय वाटली ती झाडे. पुलाजवळ सिटका स्प्रूसची उंच, गर्द झाडी होती. जसजशी साले अलीकडची होत गेली तसतसे स्प्रूस लहान आणि विरळ होत गेले, त्यांच्या जागी कॉटनवूड आले, मग अल्डर आणि विलोची झुडपे, आणि शेवटी हिमातून वर आलेल्या नुसत्या काटक्या. बर्फाखालून मोकळी झालेली जमीन आधी उघडी खडी असते. तिच्यावर प्रथम शेवाळ आणि दगडफूल येते, मग अल्डरसारखी झुडपे मुळांतल्या जिवाणूंच्या साहाय्याने हवेतला नायट्रोजन मातीत साठवतात, आणि त्या सुधारलेल्या मातीत पुढे मोठी झाडे रुजतात. या सगळ्याला शतकाहून अधिक काळ लागतो आणि तो काळ इथे एका सकाळच्या चालीत उलट्या क्रमाने समोर येतो. पाने फुटलेली नसल्यामुळे झाडीतून आरपार दिसत होते आणि हिमोढांचे बांध एकामागून एक नजरेत भरत होते. ऑगस्टमध्ये हीच झाडी इतकी दाट होते की बांध असल्याचे लक्षातही येत नाही, असे भावाने सांगितले.

बंद निसर्ग केंद्राच्या पायरीवर बसून आम्ही बुटांना काटे बांधले. पुढे पायवाटेवर १९१७ आणि १९२६ या पाट्या लागतात. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हवामानबदलाविषयी बोलण्यासाठी इथे येऊन गेले आणि याच वाटेने चालले. त्यांच्या भेटीची छायाचित्रे जगभर पोहोचली, पण त्यांत पाट्या पूर्ण उंचीच्या दिसतात; आम्हाला त्यातल्या एकीचे डोके तेवढे हिमाबाहेर दिसले. भावाने हाताने हिम उकरून आकडे मोकळे केले. १९५१ ची जागा एका निवाऱ्याजवळ आहे आणि तिथून पुढे वाट चढू लागते. सकाळच्या थंडीत हिमाचा वरचा थर इतका कडक होता की काटे रुतत होते आणि पाऊल मुळीच आत जात नव्हते. डांबरापेक्षाही सुखाचे चालणे होते ते.

वाटेच्या शेवटी असलेल्या दर्शनस्थळावर २०१० ची पाटी आहे. त्या साली इथे उभा राहणारा माणूस बर्फाला खेटून उभा असे. आता तिथून समोर एक घळ दिसते, घळीत वाहणारा ओढा दिसतो, आणि हिमनदीचे टोक बरेच पुढे, वरच्या अंगाला सरकलेले असते. निदान उन्हाळ्यात तसे दिसते. आमच्या समोर मात्र सर्व काही पांढरे होते. घळ, खडक, टोक आणि टोकापुढची मोकळी जमीन या सर्वांवर एकच अखंड चादर पसरलेली असल्यामुळे हिमनदी कुठे संपते हे पहिल्या नजरेला अजिबात कळेना. ती प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ मोठी भासत होती. फक्त जिथे उतार फार तीव्र होऊन बर्फ फाटला होता, तिथे हिम टिकले नव्हते आणि फटींमधून निळा रंग दिसत होता. दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा आरपार जाऊ देतो, म्हणून हा रंग येतो. त्या निळ्या फटी बरोबर धरून नजर खाली आणली, की जिथे पृष्ठभागाचा पोत बदलतो आणि फुगवटा संपतो ती रेषा हळूहळू उमगते. दुर्बिणीतून ती शोधायला आम्हाला खासा वेळ लागला.

माझ्या मते वसंतात हिमनदी पाहण्याचे मर्म इथे आहे, आणि फसगतही इथेच आहे. हिमनदीचे वर्ष हिमाच्या जमेने सुरू होते आणि वितळण्याच्या खर्चाने संपते. मेच्या सुरुवातीला जमेची बाजू जवळजवळ पूर्ण भरलेली असते आणि खर्च मांडायला नुकता आरंभ झालेला असतो. या एका हिमनदीला पोसणारे हार्डिंग हिमक्षेत्र वर सुमारे १,८०० चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. तिथे एका हिवाळ्यात दहा मीटरहून अधिक हिम पडते आणि त्यातून चाळीसच्या आसपास हिमनद्या निघतात. एवढी जमा डोळ्यांसमोर असताना ही नदी आटते आहे यावर विश्वास बसणे अवघड जाते. पण १८१५ ते १९९९ या काळात तिचे टोक सुमारे दोन किलोमीटर मागे गेले, म्हणजे सरासरी वर्षाला अकरा मीटर. आणि २०१४ च्या एकाच वर्षात ते सत्तावन्न मीटर हटल्याची नोंद उद्यानाकडे आहे. उद्यानाचे कर्मचारी टोकाची जागा वसंतात आणि शरदात अशी वर्षातून दोनदा मोजतात. एकाच मोजणीने जे कळणार नाही ते दोन मोजण्यांमधल्या फरकाने कळते : उन्हाळ्याने किती नेले आणि हिवाळ्याने काही परत दिले की नाही. या पांढऱ्या ऋतूत येणाऱ्याने डोळ्यांपेक्षा पाट्यांवर अधिक विश्वास ठेवावा, असे मला वाटते.

दर्शनस्थळापासून खाली, हिमनदीच्या दिशेने, पावलांच्या ठशांची एक रांग गेलेली होती. भावाला मोह झाला. “कोणीतरी गेलंय म्हणजे जाता येत असणार, ताई,” असे तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच थांबला, कारण या प्रदेशात राहून त्याला माहीत होते की ठसे फक्त एवढेच सांगतात की जाणाऱ्याच्या वेळी हिम कडक होते. हिमनदीवरच्या भेगा या दिवसांत हिमाच्या पुलांनी झाकलेल्या असतात. भेग दिसतच नाही आणि पूल किती जाड आहे हे वरून कळत नाही. सकाळी ज्या पुलाने माणूस पेलला तोच दुपारी पेलेल याची काही शाश्वती नसते. टोकापाशी तर वरून बर्फाचे सुळके कोसळण्याचा आणि खालून ओढ्याने पोखरलेल्या पोकळीचा असा दुहेरी धोका असतो. दोर, साधने आणि जाणता वाटाड्या असल्याशिवाय वसंतात बर्फावर पाऊल टाकणे हा शुद्ध आडमुठेपणा आहे, आणि उन्हाळ्यापेक्षा या दिवसांत तो अधिक महागात पडू शकतो, कारण उन्हाळ्यात भेग निदान दिसते.

ओढ्याचे पाणी मात्र मला अनपेक्षित होते. हिमनदीचे पाणी दुधासारखे गढूळ असते हे वाचलेले होते. बर्फ खडकावर घासून जे पीठ तयार करतो त्याने तो रंग येतो. इथे हिमाच्या दोन कडांमधून वाहणारी धार बारीक आणि इतकी नितळ होती की तळाचे गोटे मोजता यावेत. वितळणे अजून जोर धरायचे असल्यामुळे हिमनदीच्या तळाचे पीठ पाण्यात पुरेसे उतरलेले नव्हते. जुलै-ऑगस्टमध्ये हाच ओढा राखाडी होऊन फुगतो, पात्र बदलतो, आणि अलीकडच्या वर्षांत तर आम्ही चालत आलो त्या रस्त्यावरही त्याचे पाणी चढते.

अकराच्या सुमारास ढग फाटले आणि ऊन आले. थोड्याच वेळात पलीकडच्या कड्यांवरून गडगडाट ऐकू येऊ लागला. पहिल्यांदा मी आकाशाकडे पाहिले. भावाने समोरच्या घळीकडे बोट दाखवले, तिथून पांढरी रेघ खाली सांडत होती. एवढ्या अंतरावरून हिमस्खलन अगदी संथ दिसते आणि आवाज मागाहून येतो. आमची वाट त्या घळींच्या टप्प्यात नव्हती, पण त्या बाईंनी सांगितलेली वेळ किती नेमकी होती ते लक्षात आले आणि आम्ही दोनची वाट न पाहता लगेच निघालो.

उतरताना हिमाचे रूप पालटलेले होते. सकाळी ज्या थरावरून आम्ही टकटक चालत आलो तो आता वरून तांदळाच्या पेजेसारखा सैल झाला होता. चार पावले ठीक पडत आणि पाचव्याला पाय मांडीपर्यंत आत जाई. झाडांच्या बुंध्यांभोवती तर पोकळ खळगेच झालेले होते, कारण उन्हाने तापलेले खोड आसपासचे हिम आधी वितळवते. स्नोशूज चढवल्यावर बुडणे थांबले, पण चालण्याचा वेग निम्म्यावर आला. ज्या अंतराला सकाळी वीस मिनिटे लागली होती त्याला तासभर लागला आणि मोजे, पँटची खालची बाजू, हातमोजे असे सारे काही ओले झाले. जादा मोज्यांचे दोन्ही जोड कामी आले.

पुलाजवळ रस्ता साफ करणाऱ्यांचे यंत्र काम करत होते. चालकाने आम्हाला जाऊ देण्यासाठी यंत्र थांबवले, खिडकीतून डोके बाहेर काढून वर किती हिम आहे ते आमच्याकडूनच विचारून घेतले आणि पुन्हा कामाला लागला. परतीच्या वाटेवर उतार असूनही समुद्राकडून दरीत शिरणारा दुपारचा वारा तोंडावर होता, त्यामुळे पायडल सतत मारावेच लागले. फाटकापाशी पोहोचेपर्यंत चार वाजून गेले होते.

या दिवसांत जाण्याचा विचार कोणी करत असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून जावे. हिमनदीशेजारून वर चढून हार्डिंग हिमक्षेत्राच्या काठापर्यंत नेणारी जी प्रसिद्ध वाट आहे, तिचा वरचा भाग जुलै उजाडेपर्यंत हिमाखाली असतो आणि त्यावर हिमस्खलनाचा धोका असतो, म्हणून ती वसंतात आपली नव्हे. तिच्यासाठी जुलैची अखेर किंवा ऑगस्ट धरावा, त्या वेळची गर्दी आणि डास सोसावेत. ज्यांना तेवढ्या उंचीवरून ते विस्तीर्ण पांढरे पठार पाहायचे आहे त्यांचे समाधान मे महिन्यात होणार नाही. ज्यांना पाट्यांपाशी थांबत, रिकाम्या रस्त्याने, हिमनदीने सोडलेली जमीन पायांनी मोजायची आहे त्यांनी फाटक उघडण्याच्या आधीचे पंधरा दिवस साधावेत, सायकल घ्यावी आणि पहाटे निघावे.